‘पानिपत’ अर्धवट सोडलेल्या वाचनगटाला पुढची ऐतिहासिक कादंबरी कोणती सुचवावी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही धरून आठ जणांचा वाचनगट आहे, महिन्याला एक पुस्तक. मागच्या वेळी तुमची पाळी होती तेव्हा तुम्ही विश्वास पाटलांची ‘पानिपत’ सुचवलीत. पाच जणांनी ती मधेच सोडली, तिघांनी संपवली. त्या तिघांतले दोघे ‘यातलं खरं किती’ यावरून असे जुंपले की पुस्तकाबद्दल बोलायचं राहूनच गेलं, आणि तिसरे तुम्ही, मधे बसून दोघांना आवरत होतात. आता पुन्हा तुमची पाळी आलीय. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘मृत्युंजय’, ‘छावा’ ही नावं बहुतेकांची वाचून झालीत. तर पुढची कोणती?

उत्तर एका ओळीत देता येईल आणि शेवटी देणारही आहे. पण नुसतं नाव घेऊन गेलात तर तीन महिन्यांनी पुन्हा हाच प्रश्न घेऊन याल. कारण तुमच्याकडे एक नाही, दोन दुखणी आहेत आणि तुम्ही दोन्हींवर एकच औषध मागताय. पुस्तक अर्धवट सुटणं हे एक. खऱ्याखोट्यावरून भांडण होणं हे दुसरं. पहिल्याचा संबंध वाचकाच्या आवडीशी आहे, दुसऱ्याचा त्याच्या अपेक्षेशी. पहिलं दुखणं जास्त जणांना आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

मी बावीस वर्षं एका वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे बसलोय. ‘चांगली ऐतिहासिक कादंबरी द्या’ हे वाक्य मी ऐकलं नाही असा आठवडा गेला नसेल. सुरुवातीची काही वर्षं मी यावर ठरलेला प्रश्न विचारायचो: ‘शिवकाल की पेशवाई?’ हा प्रश्न चुकीचा आहे हे मला एका बाईंनी शिकवलं. त्यांनी ‘स्वामी’ परत आणली तेव्हा इतक्या भारावलेल्या होत्या, की मी लगेच कपाटातून ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ काढून दिली. तीच पेशवाई, पुढची पिढी, यशवंतराव होळकर, १८०२ साली पुण्याजवळ पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव करणारा जबरदस्त माणूस. माझ्या दृष्टीने ओळीतलं पुढचं पुस्तक. बाई चौथ्या दिवशी परत. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘अहो, हा माणूस घोड्यावरून उतरतच नाही. यात घर कुठाय?’

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ‘स्वामी’त त्यांना पेशवाई आवडलीच नव्हती. त्यांना आवडले होते माधवराव आणि रमाबाई. चुलत्याशी उभा दावा, मातोश्रींचा करारीपणा, क्षय झालेला तरुण नवरा, आणि या सगळ्यात दोघांना मिळणारे चार क्षण. १७७२ मध्ये थेऊरला संपणारी ती गोष्ट त्यांच्या लेखी राज्यकारभाराची नव्हती, एका घराची होती. मग मी ‘शिकस्त’ दिली. तीही इनामदारांचीच, पण पानिपतानंतरच्या पार्वतीबाईंची. सदाशिवरावभाऊ गेले ही बातमी आली आणि पार्वतीबाईंनी आपलं वैधव्य मानायलाच नकार दिला. ती कादंबरी माझ्या वाचक बाईंनी मुदत वाढवून घेऊन वाचली, आणि परत देताना नुसतं ‘हं’ म्हणाल्या. वाचनालयात इतकी वर्षं बसल्यावर ‘छान होती’ आणि ‘हं’ यांतलं मोठं कौतुक कुठलं ते कळतं.

तेव्हापासून मी काळ विचारत नाही. विचारतो, ‘आधीच्या पुस्तकातलं कुठलं पान पुन्हा काढून वाचलंत?’ लोक आधी गोंधळतात, मग नेमकं सांगतात. आणि त्या पानावरून माणूस कळतो.

आता एक गंमत सांगतो, तुमच्या गटातही तपासून पाहा. ‘मृत्युंजय’ आणि ‘छावा’ एकाच लेखकाच्या आहेत म्हणून एकाच वाचकाला आवडतात, असं आपण धरून चालतो. माझं मत वेगळं आहे. एक महाभारतातली आणि एक सतराव्या शतकातली, एक सहा पात्रांच्या तोंडून सांगितलेली आणि दुसरी तशी नाही. तरी दोन्हींत वाचकाला मिळतं ते एकच: ज्याच्यावर अन्याय झाला त्याची बाजू. कर्ण काय, संभाजीराजे काय, ‘जगाने याला नीट ओळखलंच नाही’ ही कळ. मराठी वाचकाला वकिली फार आवडते, आणि ऐतिहासिक कादंबरीसारखं कोर्ट दुसरं नाही. असा वाचक समोर आला की त्याला पुन्हा विजयी राजाची कादंबरी देण्यात अर्थ नसतो, तो कंटाळतो. त्याला आरोपी द्यावा लागतो.

इथे ना. सं. इनामदारांसारखा लेखक नाही, आणि आजचे वाचक त्यांना ‘राऊ’पुरतंच ओळखतात याचं मला खरंच वाईट वाटतं. या माणसाने एकामागून एक अशी माणसं उचलली की ज्यांचं नाव काढलं तरी लोक नाक मुरडायचे. १९६३ ची ‘झेप’ त्रिंबकजी डेंगळ्यांवर. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या १८१५ सालच्या खुनाचा ठपका इंग्रजांनी ज्याच्यावर ठेवला, ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं आणि जो तिथून निसटला, तो हा. मग ‘झुंज’चे यशवंतराव. त्यानंतर ‘मंत्रावेगळा’, म्हणजे चक्क दुसरा बाजीराव, ज्याला आपण शाळेपासून ‘पळपुटा’ म्हणत आलो. १८१८ मध्ये गादी सोडून कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताला गेलेला आणि पुढे तेहतीस वर्षं तिथेच जगलेला हा माणूस काय विचार करत असेल, हा प्रश्न कुणाला पडला होता? आणि ‘शहेनशहा’ तर थेट औरंगजेबावर. वकील पटतो की नाही हा भाग वेगळा, पण खटला ऐकावासा वाटतो. माझा स्वतःचा कल विचाराल तर ‘मंत्रावेगळा’. त्यात नायकाला धुऊन पांढरं करण्याचा मोह लेखकाने बऱ्यापैकी आवरलाय.

तिसरा वाचक मोहिमेचा. त्याला नकाशा लागतो, रसद लागते, तोफा कुठून कुठे नेल्या ते लागतं. त्याची चिंता करू नका. ‘पानिपत’ संपवणाऱ्या तिघांत तोच आहे, आणि बहुधा भांडणातली एक बाजूही तोच.

चौथा वाचक मात्र कमी बोलतो आणि त्याच्याकडे आपलं दुर्लक्ष होतं. त्याला राजा नको, सेनापती नको. त्या काळात साधा माणूस कसा जगत होता एवढंच त्याला बघायचं असतं. अशांसाठी माझ्या कपाटात तीन जागा ठरलेल्या आहेत. एक गो. नी. दांडेकर. शिवकालावरच्या त्यांच्या कादंबऱ्या, ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’, ‘हे तो श्रींची इच्छा’. आटोपशीर आहेत, आणि हा माणूस गडकोट आयुष्यभर पायांनी तुडवत फिरलेला असल्यामुळे त्यांच्या कादंबरीतल्या वाटेवर चढ असला की वाचणाऱ्याला धाप लागते. दुसरी जागा श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ची. दोन खंड आहेत, पण कोकणातल्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्या अशा येतात की इतिहास अंगणातून जाताना दिसतो. ही ऐतिहासिक कादंबरी आहे का, यावर वाद घालणारे घालतात. वॉल्टर स्कॉटने १८१४ साली ‘वेव्हर्ली’ छापली तेव्हा उपशीर्षकातच ‘साठ वर्षांपूर्वीची गोष्ट’ असं म्हटलं होतं, आणि तोच हिशोब लोक अजून धरतात. त्या हिशोबाने ‘तुंबाडचे खोत’ खुशाल बसते. ‘मृत्युंजय’ मात्र बसत नाही, ती पौराणिक. गटात हा मुद्दा निघालाच तर दोन मिनिटांत मिटवा, त्यात काही हाती लागत नाही.

तिसरी जागा नंदा खऱ्यांच्या ‘अंताजीची बखर’ची, आणि हिच्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं. अंताजी हा अठराव्या शतकातला, राजकारणाच्या काठाकाठाने फिरणारा, शूर नसलेला, चाणाक्ष माणूस. तो स्वतःच आपली बखर सांगतो. बखरीचा घाट घेतलाय, पण बखरीतला भारदस्तपणा टाचणी लावून फोडलाय. मराठीत इतिहासाकडे बघून हसणारी कादंबरी किती दुर्मीळ आहे ते ही वाचल्यावर कळतं. पण सरसकट सगळ्यांना देऊ नका. ज्यांना ‘श्रीमान योगी’ वाचताना डोळ्यांत पाणी आलं त्यांना ती पहिल्या भेटीत बोचते. मी एकदा उत्साहाच्या भरात एका निवृत्त मास्तरांना दिली आणि ‘थट्टा करायला तुम्हाला पूर्वजच सापडले काय?’ हे ऐकून घेतलं. वर्षभराने त्यांनीच तिचा पुढचा भाग, ‘बखर अंतकाळाची’, मागितला. पण ते वर्ष मधे जावं लागलं.

तर घर शोधणारा, वकिली ऐकणारा, मोहिमेवर जाणारा आणि साध्या माणसामागे फिरणारा असे चार जण. तुमच्या आठांत हे चारही असणार, बहुतेक सगळ्यांत थोडे थोडे. म्हणून एकच पुस्तक सगळ्यांना सारखं भिडेल हा आग्रह सोडा. पण निदान दोघांना तरी दार उघडं दिसेल असं पुस्तक निवडता येतं.

आता पाच जणांनी ‘पानिपत’ नेमकी का सोडली? यासाठी आमच्या वाचनालयातली जुनी प्रत दाखवायला हवी होती. खूप हात लागलेलं पुस्तक मिटून कडेकडून पाहा. पानांची कड जिथपर्यंत बोटं पोचली तिथपर्यंत काळपट होते, पुढे पांढरी राहते. कुठल्याही समीक्षेपेक्षा हा काळा पट्टा खरं बोलतो. आमच्या ‘पानिपत’च्या प्रतीवर पहिल्या दीडशे-दोनशे पानांपर्यंत गडद काळा, मग एकदम फिका, आणि तो फिका पट्टा मात्र थेट शेवटापर्यंत. म्हणजे सोडणारे तिथेच सोडतात, आणि ती जागा ओलांडली की पुस्तक हातातून सुटत नाही. मी लोकांना विचारत गेलो, त्या जागेवर काय अडतं? युद्ध नाही, राजकारण नाही. नावं अडतात.

बाहेरून वाटतं, काय नावं, शाळेत शिकलोय की. पण एकाच माणसाला चार नावं असतात आणि कादंबरीत बोलणारा बदलला की नाव बदलतं. रघुनाथराव म्हणजे राघोबा, म्हणजे दादासाहेब, म्हणजेच राघोभरारी. नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव. भाऊ म्हणजे सदाशिवराव, पण ते नानासाहेबांचे सख्खे भाऊ नव्हेत, चिमाजीअप्पांचे चिरंजीव, म्हणजे चुलतभाऊ. पेशवाईत बाजीराव दोन आणि माधवरावही दोन. त्यात शिंद्यांकडे दत्ताजी, जनकोजी, महादजी. एका वाचकाने मला विचारलं होतं, ‘मघाशी मेला तो कोण आणि आता बोलतोय तो कोण?’ हसू नका, मलाही पहिल्या वाचनात हेच झालं होतं.

याला उपाय अगदी साधा आहे, पण कुणी करत नाही. पुस्तक वाटायच्या आधी एक कागद करा. वर वंशावळ, खाली प्रत्येकाची सगळी नावं, मागच्या बाजूला हाताने काढलेला नकाशा, तोही फक्त कथेत येणाऱ्या सात-आठ ठिकाणांचा. घडी घालून पुस्तकात खूण म्हणून ठेवायचा. मी पेशवाईच्या कादंबऱ्यांसाठी असा एक कागद केला आणि प्रत्येक प्रतीत ठेवला. किती लोकांनी त्यामुळे पुस्तक पूर्ण केलं हे मोजलेलं नाही, पण ते कागद परत येताना चुरगळलेले असायचे, म्हणजे उघडले जात होते.

आणि जाडीचा विचार करा. नोकरी-घर सांभाळून महिन्याला जाड पुस्तक होत नाही, यात कुणाच्या रसिकतेचा प्रश्न नाही. जाड कादंबरीला दोन महिने द्या, मधे एक बैठक अर्ध्या पुस्तकावर घ्या. अर्ध्यावर बोलणं झालं की मागे पडलेला माणूस पुढच्या अर्ध्यासाठी धावतो.

जुन्या पुस्तकांबद्दलही कुणीतरी विचारेल. १८७१ ची ‘मोचनगड’ ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, आणि हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ हा मोठा टप्पा. एकट्याने सवडीने वाचायला जरूर घ्या. गटाला नको. त्या वाक्यांची चाल आजच्या वाचकाला लांबची वाटते, आणि बैठकीत सगळी चर्चा भाषेवरच अडकते.

आता दुसरं दुखणं, खऱ्याखोट्याचं.

तुमचे ते दोघे भांडले याचा मला आनंदच झाला, कारण न भांडता सगळं खरं मानून घरी जाणारे वाचक मी जास्त पाहिलेत. फक्त भांडणाला नीट जागा द्यायला हवी. ‘हे खरं आहे का?’ या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. पहिला: कागदपत्रं जिथे गप्प आहेत तिथे लेखकाने भर घातली का? माधवराव आणि रमाबाई रात्री काय बोलले याचा कागद नाही, असणारही नाही. तिथे कादंबरीकाराचा पूर्ण हक्क. दुसरा: घडलेल्या गोष्टी त्याने जवळ आणल्या का, दोन माणसांचं एक केलं का? हे सगळेच करतात, चालतं. तिसरा: जे पक्कं माहीत आहे त्याच्या उलट लिहिलंय का? इथे मात्र लेखकाने सुरुवातीलाच सांगून टाकावं, आणि नसेल सांगितलं तर वाचकाने जाब विचारावा. तुमचे दोघे बहुधा एक पहिल्या प्रश्नावर आणि एक तिसऱ्यावर भांडत होते, म्हणून भांडण मिटलं नाही.

एक उदाहरण देतो, बैठकीत वापरा. ‘गड आला पण सिंह गेला’ हे वाक्य महाराष्ट्रात कुणालाही झोपेतून उठवून विचारा. सभासदाची बखर ही शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या माणसाने, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेली. तिच्यात तानाजी पडल्यावर महाराजांच्या तोंडी जे येतं ते ‘एक गड घेतला, पण एक गड गेला’ असं. त्यात सिंह नाही. आणि सिंहगड हे नाव तर १६७० च्या त्या लढाईच्या आधीच्या पत्रांतही सापडतं. मग सिंहाचं वाक्य घरोघरी कसं पोचलं? हरिभाऊंच्या कादंबरीचं नावच ते आहे, आणि त्या नावाचा त्यात मोठा वाटा आहे. मला विचाराल तर सभासदाचं वाक्यच जास्त जिव्हारी लागतं. माणसालाच गड म्हटलंय त्यात.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. संभाजीराजांबद्दल आपल्या आजोबा-पणजोबांनी जे वाचलं-पाहिलं ते बरंचसं मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीवरून आलेलं होतं. ती बखर राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेली, आणि लिहिणाऱ्याच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, संभाजीराजांनी १६८१ मध्ये मृत्युदंड दिलेला. आता बखरीत राग उतरणार नाही तर काय? १९६० साली वा. सी. बेंद्र्यांचं संभाजीचरित्र आलं, मग कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’. ‘छावा’ आली १९७९ साली. म्हणजे आधी संशोधक मातीत हात घालतात, वीसेक वर्षांनी कादंबरीकार त्यातून मूर्ती घडवतो, आणि लोक मूर्तीसमोर हात जोडतात, खणणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. हे ‘छावा’ला कमी लेखायला म्हणत नाही. कुठलीही ऐतिहासिक कादंबरी घेताना पहिल्या पानावरचं प्रकाशनवर्ष बघा एवढंच. तिच्या आधी कुठलं संशोधन झालं होतं आणि कुठलं व्हायचं होतं, यावर तिचा नायक बराच ठरतो.

आणखी एक. अलीकडे कादंबरीच्या मागे संदर्भग्रंथांची लांबलचक यादी देण्याची पद्धत पडलीय. यादी आहे म्हणून कादंबरी खरी होत नाही आणि नाही म्हणून खोटी ठरत नाही. मी नवी कादंबरी घेताना यादी बघत नाही. मधलं एखादं पान उघडतो आणि बघतो, यात कुणाला भूक लागते का, कुणी आजारी पडतं का, कुणाला पैशाची चणचण आहे का. ज्या कादंबरीत सगळे फक्त मुजरे करतात आणि डरकाळ्या फोडतात ती मी बहुधा परत ठेवतो. खरे माधवराव अखेरच्या आजारात कर्ज कसं फेडायचं याची कलमं लिहवून घेत होते. अशा माणसावर लिहिताना डरकाळ्यांची गरजच काय?

खऱ्याचा आग्रह धरणाऱ्यांना मी सरळ एक गोष्ट देतो: विष्णुभट गोडश्यांचा ‘माझा प्रवास’. कादंबरी नाही. कोकणातला एक गरीब भिक्षुक दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत जातो आणि १८५७ च्या धुमाळीत सापडतो, झाशीला वेढा पडतो तेव्हा तो शहरात असतो. पळापळ, लूट, तहान, रिकामं घर, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. आणि तरी गंमत बघा: त्यांनी हे लिहिलं ते घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी आठवून. छापलं गेलं १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांनी फेरफार करून. मूळ संहिता छापून यायला १९६६ साल उजाडलं. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलंही आठवणीतून आणि संपादकाच्या हातातून आपल्यापर्यंत आलं. तुमच्या दोघांना हे पुस्तक द्या आणि मग विचारा, खरं किती?

‘श्रीमान योगी’ सगळ्यांकडे असेलच. तिची नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना किती जणांनी वाचलीय ते विचारा. बहुतेकांनी ओलांडलेली असते. विचारवंत कादंबरीकाराशी शिवाजी महाराजांबद्दल किती बारकाईने बोलू शकतो हे त्यात दिसतं. एका बैठकीला ती एकटी प्रस्तावना पुरते.

आता तुमच्या एका ओळीच्या उत्तराकडे येतो. पुढच्या पाळीला ‘शिकस्त’ सुचवा, आणि तिला दोन महिने मागून घ्या.

कारण सांगतो. तुमच्या गटात ‘पानिपत’चं वाचन अर्धवट आहे, पण वाया गेलेलं नाही. पाच जणांना निदान माणसं ओळखीची झालीत. त्याच घटनेत त्यांना आता रणांगणाऐवजी घराच्या दाराने जाता येईल. संपवणाऱ्या तिघांना १४ जानेवारी १७६१ नंतरचं कळेल, जे युद्धाच्या गोष्टीत नेहमी राहून जातं. दोन मोती गळाल्याचा तो सांकेतिक निरोप आपण सगळे ऐकून आहोत, पण तो ज्या घरात पोचला त्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं असेल? वकिली आवडणाऱ्यांसाठी पार्वतीबाई आहेतच, त्यांची बाजू मांडायला कुणी नव्हतं. आणि खऱ्याखोट्यावर भांडणाऱ्यांसाठी इतिहासानेच सोय करून ठेवलीय. भाऊ जिवंत आहेत असं म्हणत एक माणूस पुढे आला, कितीतरी लोकांनी त्याला खरा मानला, आणि अखेर १७७६ मध्ये तोतया ठरवून त्याला मारलं. त्या काळच्या, भाऊंना डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांना खरं-खोटं ठरवता येईना, तिथे अडीचशे वर्षांनी तुमच्या बैठकीत आवाज थोडे चढले तर चढू द्या. फक्त ती चर्चा शेवटच्या अर्ध्या तासात ठेवा, त्याआधी पुस्तकावर बोला.

‘शिकस्त’ मिळाली नाही, किंवा गटाने ‘पुन्हा पानिपत नको’ म्हणून हात वर केले, तर ‘मंत्रावेगळा’. तीही नको असेल आणि गट खरोखर थकला असेल तर गो. नी. दांडेकरांची कुठलीही एक, ती एका महिन्यात आरामात होते. ‘अंताजीची बखर’ पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा.

आणि तो घडीचा कागद या वेळी तुम्ही करू नका. वंशावळ भांडणाऱ्या दोघांपैकी एकाला करायला सांगा आणि तारखा दुसऱ्याला. दोघांना एकाच कागदावर लिहावं लागेल असं बघा.